मधल्या मातीच्या घरात वायफाय पोचत नाही, रिपीटर घ्यावा का? (समोर स्लॅब, मागं टिनं)

आर्वीवाला
नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितो पण नीट सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्याले सोपं जाईन. घर आर्वी तालुक्यात, खेड्यात. समोर नवीन स्लॅबच्या दोन खोल्या, मधात जुनं मातीच्या भिंतीचं कवेलूचं घर, अन् मागं स्वयंपाकघर टिनाचं. फायबरची लाइन घेतली, प्लॅन १०० एमबीपीएसचा. जोडणाऱ्या पोरानं राऊटरचा डबा समोरच्या खोलीत टीव्हीच्या मागं ठोकला कारण वायर तिथंवरच पुरली. समोर बसलं की मस्त चालते. पण पोरगी बारावीले आहे, मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी करून राहिली, तिचा टेबल मधल्या खोलीत कारण तिथं थंडावा राहते अन् समोर दिवसभर माणसांची ये-जा. तिथं वायफायची एकच कांडी. लेक्चर लावलं की गोल गोल फिरत राहते, सराव पेपर देता देता मधातच बंद पडते, मग ती लॅपटॉप घेऊन ओसरीत येऊन बसते, तिथं ऊन लागते.
दुकानदार म्हणते हजार-दीड हजाराचा रिपीटर (वायफाय पुढं ढकलणारा छोटा डबा) लावा, काम होऊन जाईन. लावावा का? की प्लॅन वाढवावा २०० चा? पैसे लावायले ना नाही, पण काम झालं पाहिजे, पोरीचं वर्ष आहे.

मूर्तिजापूरचा_दादा
रिपीटर लाव भाऊ. आमच्याकडे लावला, चालते.

पुसदकर
काका, थांबा, आत्ता काहीच विकत घेऊ नका. मी पुण्यात नेटवर्किंगचंच काम करतो आणि गावाकडचं घर तुमच्यासारखंच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.
आधी गडबड लाइनीत आहे की घरात आहे हे ठरवा. लॅपटॉपला लॅन केबल लावून थेट डब्याला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. ९० च्या पुढे आलं तर तुमची लाइन चांगली आहे, मग २०० चा प्लॅन घेऊन मधल्या खोलीत काडीचाही फरक पडणार नाही कारण तिथे पोचतच नाहीये. तारेवरच २०-३० येत असेल तर मात्र घरातलं काही हलवू नका, लाइनवाल्याला बोलवा.
मग फोनमध्ये वायफाय अॅनालायझर नावाचं अॅप टाका. कांड्या बघू नका, कांड्या प्रत्येक कंपनी आपल्या मनाने दाखवते. डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघा. तो वजामध्ये असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. वजा ५० म्हणजे उत्तम, वजा ६५ च्या आसपास व्हिडिओ कॉल आरामात होतो, वजा ७५ च्या खाली कटकट सुरू, ८५ ला जोडलेलं दिसेल पण चालणार नाही. दर ३ डीबीने ताकद निम्मी होते, म्हणजे ६० आणि ७० मध्ये फरक १० दिसतो पण सिग्नल दहापट कमी झालेला असतो.
प्रत्येक खोलीत, जिथे बसता त्या जागेवर फोन धरून आकडा लिहून काढा आणि इथे टाका. डब्याचा फोटो नको, डब्याच्या आजूबाजूला काय काय आहे ते सांगा.

झेडपी_बाई
पुसदकर, छान सांगितलंत. मी भंडाऱ्याकडची, शाळेत शिकवते. आमच्या शाळेत ऑफिसात नेट येतं आणि शेजारच्या वर्गात येत नाही, तिथे मधे पत्र्याची दोन कपाटं आहेत. मीही हेच करून बघते.

आर्वीवाला
पुसदकर भाऊ, केलं. तारेवर ९४ आलं. आकडे असे: डब्यापाशी वजा ३८, समोरची दुसरी खोली वजा ५२, ओसरी वजा ५८, मधली खोली वजा ७९, स्वयंपाकघरात वजा ८७ अन् मग सुटूनच जाते.
आजूबाजूले म्हणाल तर डबा टीव्हीच्या मागं खाली आहे, बाजूले लोखंडी कपाट. खिडकीत कूलर, टिनाचा, मोठा वाला. समोरची खोली अन् मधली खोली यांच्यातली भिंत जुनी मातीची, हात-दीड हात जाड. त्या भिंतीले लागून मधल्या खोलीच्या बाजूनं धान्याच्या टिनाच्या कोठ्या ठेवल्या आहेत, तुरीच्या अन् गव्हाच्या, भरलेल्या.

पुसदकर
सापडलं. काका, तुमच्या मुलीच्या टेबलावर सिग्नल येण्याआधी त्याला टीव्ही, लोखंडी कपाट, दीड हात माती आणि वर धान्याने भरलेल्या टिनाच्या कोठ्या एवढं पार करावं लागतं. धातूतून ही लहर आरपार जात नाही, आपटून मागे फिरते. माती जाड असली की शोषून घेते, ओल असेल तर जास्तच, कारण पाणी ही लहर गिळतं. म्हणून पावसाळ्यात भिंती ओलावल्या की अजून वाईट होईल, आत्ताचे आकडे उन्हाळ्यातले कोरड्या भिंतीचे आहेत हे लक्षात ठेवा. कूलरचंही तेच, टिनाची बॉडी, आत पाण्याची टाकी, तीन बाजूंनी ओल्या ताट्या. कूलरच्या पलीकडे सिग्नल मिळेल अशी आशा धरायचीच नाही.
पहिलं काम फुकटचं आहे. डबा टीव्हीमागून काढा, भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर, कपाटापासून दूर, शक्यतो मधल्या खोलीच्या दाराच्या समोर येईल असा लावा. लाकडी दार, कापडाचा पडदा यातून सिग्नल सहज जातो, भिंतीपेक्षा दारातून पोचवणं कधीही सोपं. बाहेरचे अँटेना असतील तर उभे ठेवा, अँटेनातून लहर आडवी चोहोबाजूंनी पसरते, टोकाच्या दिशेने जवळपास काहीच जात नाही. त्यामुळे अँटेना खोलीकडे रोखून धरला म्हणजे तिकडे जास्त जाईल असं होत नाही, उलट कमी जातं.

केबलवाले_भाऊ
डबा हलवताना एक सांगतो, मी फायबर जोडायचंच काम करतो, अकोल्याकडे. ती पिवळी नाहीतर पांढरी बारीक वायर असते ना डब्याले लागलेली, तिले मोडू नका. काटकोनात वाकवली, खिळ्यानं दाबली, दारात चेंगरली की आतली काच तडकते. वळण द्यायचंच तर हाताच्या पंजाएवढं गोल द्या. अन् टोकावरची टोपी काढून कनेक्टरच्या तोंडाले बोट लावू नका, बोटाचा तेलकटपणा लागला तरी प्रकाश कमी होते.
डब्यावर लाल लाइट लागली, एलओएस वाली, म्हणजे प्रकाश पोचूनच नाही राहिला, तेव्हा घरात काही करून फायदा नाही, आमच्यासारख्याले फोन करा. डब्याच्या सेटिंगमधे आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचलेल्या प्रकाशाची ताकद दिसते. वजा १५ ते वजा २४-२५ मधे असली तर ठीक. वजा २७ च्या खाली गेली की आज चालन, उद्या नाही. वायर लांबवायची असली तर तोडून घरीच जोडू नका, आम्हाले बोलवा, मशीननं जोडून देतो, दहा मिनिटाचं काम आहे.
आमच्याकडे अर्धी बोंब वांदरांची आहे. खांबावरची वायर धरून झोके घेतात, वायर तुटत नाही पण आत ताण बसते अन् पॉवर उतरते. मग घरवाले राऊटर बदलत बसतात.

मूर्तिजापूरचा_दादा
पण ५ गिगाहर्ट्झ वाला जोडून पाहा ना भाऊ, नावाच्या पुढं ५जी लिहून येते तो. तो लय फास्ट आहे.

पुसदकर
दादा, समोरच्या खोलीत नक्की तोच वापरावा. पण भिंतीपलीकडे तो डब्याच्या दुसऱ्या, २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायच्याही आधी दम तोडतो. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, ५ ची पाच-सहा सेंटिमीटरची, आणि जितकी लहर आखूड तितकी ती भिंत, पानं, ओल यांच्यात लवकर संपते. बऱ्याच डब्यांत दोन्हींचं नाव एकच ठेवलेलं असतं आणि फोन आपल्या मनाने ५ ला चिकटून राहतो, दूर गेलं तरी सोडत नाही. अशा वेळी दोन्हींना वेगळी नावं द्यायची, दूरच्या खोलीत २.४ च जोडायचा. (आणि नावापुढच्या ५जी चा मोबाइलच्या फाइव्ह जीशी काही संबंध नाही, ते फक्त ५ गिगाहर्ट्झ आहे.)
चॅनलचं, म्हणजे वायफाय कोणत्या पट्टीवर चालवायचं याचं खूप लोक सांगतील, १, ६, ११ यापैकी मोकळा निवडा. शहरात एका इमारतीत तीस राऊटर असतात तिथे त्याने मोठा फरक पडतो. खेड्यात अॅपमध्ये तुम्हाला शेजारचे एक-दोन दिसतील. बदलून बघा, नुकसान नाही, पण तुमचा आजार तो नाही.

आर्वीवाला
डबा वर लावला, दाराच्या समोर. केबलवाल्या भाऊंनी सांगितलं तसं वळण सांभाळून. कोठ्या भिंतीपासून हलवून दुसऱ्या बाजूले लावल्या, मोठं काम होतं, दोघा गड्यांनी मिळून केलं. मधल्या खोलीत आता वजा ७०-७१ येते. लेक्चर चालते. पण पेपरचा व्हिडिओ कॅमेरा चालू ठेवा लागते, त्यात अजूनही अडकते. अन् स्वयंपाकघरात वजा ८० च. आता रिपीटर?

पुसदकर
आता रिपीटरचं खरं सांगतो. रिपीटर सिग्नल तयार करत नाही, जो मिळेल तोच पुढे ढकलतो. लोक तो मेल्या जागेत लावतात, जिथे सिग्नल नाही तिथे, मग त्यालाच काही मिळत नाही तर तो देणार काय? तो लावायचा तर मधल्या टप्प्यावर, जिथे वजा ६० च्या आसपास मिळतं तिथे. आणि साधा रिपीटर एकाच रेडिओवर आधी ऐकतो मग बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. मूर्तिजापूरच्या दादांचं घर सलग असेल, तिथे चालत असेल, चुकीचं नाही सांगितलं त्यांनी. पण मुलीची परीक्षा द्यायची असेल तर मी त्यावर विसंबणार नाही.
मातीच्या आणि टिनाच्या घराला औषध एकच, तार. डब्याच्या लॅन पोर्टपासून मधल्या खोलीपर्यंत एक लॅन केबल ओढा आणि तिथे दुसरा राऊटर एक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेने आलेलं नेट फक्त वायफायने पसरवायला लावा. भिंतीतून जायचं काम तार करेल, वायफायला फक्त खोलीभर पसरायचं राहील. कोणाकडे जुना राऊटर पडला असेल तरी चालतो.

झेडपी_बाई
जुना राऊटर असा लावायचा कसा? आमच्या शाळेत एक पडला आहे. आणि मेश म्हणतात ते काय, ते घ्यायला हवं का?

पुसदकर
मॅडम, मेश म्हणजे दोन-तीन डबे एकमेकांशी बोलून घरभर एकच नाव चालवतात. चांगली सोय आहे, पण ते डबेही आपसात वायफायनेच बोलत असतील तर जाड भिंत त्यांनाही अडवतेच. मेश घेतला तरी मधे तार दिली तर उत्तम. तुमच्या शाळेसाठी जुना राऊटर पुरेल.
त्याला लॅपटॉप जोडा, त्याच्या सेटिंगच्या पानावर जा. त्याचा आयपी पत्ता बदला, मुख्य डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. याचं डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपला पत्ते वाटायचं काम, बंद करा, हे विसरलं की दोन्ही डबे पत्ते वाटायला लागतात आणि अर्ध्या फोनवर नेट येतं अर्ध्यावर नाही. नाव आणि पासवर्ड मुख्य डब्यासारखाच ठेवा, चॅनल वेगळा. मग मुख्य डब्याच्या लॅन पोर्टमधून आलेली केबल याच्याही लॅन पोर्टमध्येच खोचा, वॅन (बाहेरून नेट येण्यासाठीचं) लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये नाही. झालं. काही नव्या राऊटरमध्ये सरळ एक्सेस पॉइंट मोड असा पर्याय असतो, मग एवढंही करावं लागत नाही.

केबलवाले_भाऊ
केबल घेताना दुकानदाराले विचारा आत तांबं आहे का. स्वस्तवाल्या केबलीत अल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते, थोड्या दिवसात टोकाशी तुटते. कॅट ५ई नाहीतर कॅट ६, पूर्ण तांब्याची. शंभर मीटरपर्यंत आरामात जाते, घरात तेवढी लागतच नाही. मातीच्या घरात उंदीर सोडत नाहीत, म्हणून पीव्हीसी पाइपातून न्या. विजेच्या वायरीच्या संगं एकाच पाइपात घालू नका, आडवी ओलांडा लागली तर काटकोनात ओलांडा.
अन् टिनाच्या खाली राऊटर लावू नका काकाजी. बहुतेक राऊटर ४० डिग्रीपर्यंतचे असतात, आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होते, टिनाच्या खाली तर हात लावू देत नाही. तिथं लावला की दुपारी हँग होते, संध्याकाळी आपोआप चालू होते, मग लोक म्हणतात दुपारी नेट येत नाही. मधल्या खोलीत कवेलूखाली मातीच्या भिंतीवर लावा, घरात सर्वात थंड जागा तीच.

आर्वीवाला
हे बरोबर सांगितलं. दुपारी नेट जाते हा त्रास माझ्या साळ्याच्या घरी आहे, त्याचा डबा टिनालेच टांगला आहे. त्याले आजच सांगतो.

संत्रा_बागायतदार
वरूडकडून. वाचून राहिलो पहिल्यापासून. आमच्याकडे वायफाय ठीक आहे पण घरात मोबाइलले नेटवर्कच नाही, बँकेचा ओटीपी घ्यायले अंगणात जा लागते. ऑनलाइन मोबाइल बूस्टर दिसते, छतावर अँटेना अन् घरात डबा. घेऊ का?

पुसदकर
दादा, तो घेऊ नका. मोबाइलचा सिग्नल बूस्टर परवानगीशिवाय लावणं आपल्या देशात बेकायदा आहे, ऑनलाइन मिळतो म्हणून चालतो असं नाही. वरून त्याने टॉवरमध्ये खरखर होते आणि आख्ख्या गावाचं नेटवर्क बिघडतं.
तुमच्याकडे वायफाय चांगलं आहे ना, मग फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. कॉल टॉवरऐवजी तुमच्या फायबरवरून जातात, वेगळे पैसे नाहीत, समोरच्याला काही करावं लागत नाही. ओटीपीचा मेसेजही बऱ्याच फोनवर त्यातूनच येतो. आधी तेवढं करून बघा.

संत्रा_बागायतदार
चालू केलं. घरात बसून फोन लागला राजा! माय आजारी असते, रात्री बेरात्री डॉक्टरले फोन करायले मले बाहेर जा लागत होतं. लय मोठं काम झालं हे. धन्यवाद.

मूर्तिजापूरचा_दादा
लाइट गेल्यावर काय करता तुम्ही लोक? आमच्याकडे पाऊस आला की लाइन जाते, पोरांचा अभ्यास तिथंच थांबते.

केबलवाले_भाऊ
राऊटरचा छोटा यूपीएस मिळते, १२ व्होल्टवाला. घेण्याआधी अॅडॉप्टरवर पाहा, १२ व्होल्ट किती अँपिअर लिहिलं आहे, अन् तेवढाच नाहीतर जास्त अँपिअरचा घ्या. व्होल्ट मात्र तेवढेच पाहिजे. दोन डबे असले तर दोन यूपीएस लागतीन, नाहीतर घरच्या इन्व्हर्टरवर दोन्ही घ्या. पण एक लक्षात ठेवा, काही ठिकाणी खांबावर आमचा लाइटवर चालणारा स्विच असते, तो बंद पडला तर तुमच्या यूपीएसनं काही होत नाही. तुमच्या लाइनवाल्याले विचारा की मधात कुठं करंट लागते का.
विजा कडाडून राहिल्या असल्या तर अॅडॉप्टर सॉकेटातून काढून घ्या, बटण बंद करून भागत नाही. फायबरची काच करंट नेत नाही, पण खांबावरून घरात येणाऱ्या काही वायरींत आधाराले लोखंडी तार असते. ती तार घराच्या बाहेरच कापून अलग केली पाहिजे. तुमच्या घरी ती आतपर्यंत आली असेन तर मिरग लागायच्या आत बोलावून नीट करून घ्या.

आर्वीवाला
कळवायचं राहून गेलं होतं, काम झालं. आर्वीतून तांब्याची कॅट ६ आणली, पाइपातून नेली, भाच्याचा जुना राऊटर मधल्या खोलीत मातीच्या भिंतीवर लावला, मॅडमले सांगितलं तशीच सेटिंग केली. पोरीच्या टेबलावर आता वजा ४१. स्वयंपाकघरात वजा ६२ येते, कारण मधात आता फक्त लाकडी दार. तिनं काल पूर्ण सराव पेपर दिला, तीन तास, कॅमेरा चालू ठेवून, एकदाही अडकलं नाही. पुसदकर भाऊ, केबलवाले भाऊ, तुमचे लय उपकार. दुकानदाराच्या सांगण्यावर गेलो असतो तर पैसेही गेले असते अन् पोरीची परीक्षाही तशीच राहिली असती.

झेडपी_बाई
आमच्या वर्गातही सुरू झालं. कपाटं हलवली आणि पडलेला राऊटर तारेने जोडला. मुलं आता वर्गातच दीक्षा या सरकारी शिक्षण अॅपवरचे व्हिडिओ बघतात, ऑफिसात दाटीवाटीने उभं राहावं लागत नाही. पत्र्याच्या कपाटाचं इतकं असतं हे माहीत झालं ते बरं झालं, शेजारच्या शाळेतही सांगितलं.

संत्रा_बागायतदार
अजून एक विचारतो, मग त्रास नाही देत. घरापासून बागेतल्या विहिरीपाशी कोठा आहे, चारेकशे मीटर असन. तिथं कॅमेरा लावायचा आहे, संत्रा तोडीच्या टायमाले रात्री राखण करा लागते. तिथंवर वायफाय नेता येईन का?

पुसदकर
येतं. घरच्या राऊटरने नाही, लॅन केबलनेही नाही कारण ती शंभर मीटरला संपली. दोन रस्ते आहेत. एक, बाहेर लावायच्या ५ गिगाहर्ट्झच्या सीपीई डब्यांची (एकाच दिशेने लांब सिग्नल फेकणाऱ्या) जोडी, एक घराच्या गच्चीवर, एक कोठ्यावर, दोन्ही एकमेकांकडे तोंड करून. एवढ्या अंतराला सहज चालते. पण मधे झाड नको. नुसतं समोरचं दिसलं म्हणून भागत नाही, दोघांच्या मधल्या रेषेच्या वर-खाली आणि बाजूला मधोमध साधारण दोन मीटर मोकळं लागतं. संत्र्याची झाडं आज बुटकी असतील तर ती किती वाढणार हे धरून पाइपाची उंची ठरवा. ओल्या पानांतून ५ गिगाहर्ट्झ जात नाही, म्हणजे पावसाळ्यात नेमकं बंद पडेल.
दुसरा, फायबर. केबलवाले भाऊ सांगतील.

केबलवाले_भाऊ
धुऱ्यानं फायबर टाकून द्या, मी तर तेच म्हणीन. चारशे मीटर म्हणजे फायबरले काहीच नाही, विजेची भीती कमी, झाडाची अडचण नाही. दोन्ही टोकाले मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर अन् लॅन केबल जोडणारा छोटा डबा लागते. फक्त नांगराच्या फाळाच्या खाली जाईन एवढं खोल पुरा, पाइपातून, अन् कुठून गेली ते धुऱ्यावर खुणा करून ठेवा, नाहीतर जेसीबीवाला पहिल्याच दिवशी तोडते. कोठ्यावर लाइट कोणती आहे? शेतीच्या फीडरची (शेतपंपाच्या वेगळ्या लाइनीची) असन तर रात्रंदिवस राहत नाही, कॅमेऱ्याले सोलरची प्लेट अन् बॅटरी लागन.

संत्रा_बागायतदार
शेतीचीच लाइन आहे, आठवड्यात दिवस-रात्रीची पाळी बदलत राहते. मग सोलर धरतो. एका बाजूनं धुऱ्यावर बाभळी आहेत, त्या बाजूनं डब्याची जोडी जमत नाही, फायबरच टाकतो. पाइप दीड इंची चालन का?

केबलवाले_भाऊ
एक इंचीही चालन. टाकतानाच आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवजा, उद्या वायर बदला लागली तर ओढायले कामी येते.